ज्यानं नको म्हटलं, त्याचीच निवड

आई गेली त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०१६ साली, बाबा आमच्याकडे आयर्लंडला आले. अकोल्याच्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली, आणि दोन बॅगा घेऊन विमानात बसले. एकीत कपडे, दुसरीत पुस्तकं. कपड्यांची बॅग हलकी होती.

मी नास या गावातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. नवऱ्याचं ऑफिस सँट्रीला, म्हणजे डब्लिनच्या पार पलीकडच्या टोकाला, त्यामुळे तो सकाळी लवकर निघायचा तो दिवेलागणीलाच परत. मुलगी दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इथल्या हेलातल्या इंग्रजीतच. अशा घरात बाबा दिवसभर एकटेच असायचे.

बाबांनी जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. बोलणं हा त्यांचा धंदाच होता आणि छंदही. भाजीवाल्याशी बोलता बोलता ते राज्यघटनेपर्यंत जायचे. आता मात्र ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची ओढून गप्प बसलेले असत. मी ड्यूटीवरून आले की विचारायची, "बाबा, काय करताय?"

"काई नाई वं. पाहून राहिलो."

"काय पाहताय?"

"पाऊस. येते, जाते, पुन्हा येते. याले काई कामधंदा नाई."

आईविषयी ते चकार शब्द काढत नव्हते. मी काढला तर उठून चहा टाकायचे. मलाही ते बरंच वाटायचं, कारण मग मलाही रडावं लागत नसे.

शेवटी मीच त्यांना गावातल्या वाचनालयात नेऊन सोडलं. तिथे उबदार होतं, खुर्च्या चांगल्या होत्या, आणि पोरांच्या पुस्तकांपासून इतिहासापर्यंत सगळं होतं. बाबा रोज जायला लागले. अंगात मी घेऊन दिलेला मोठा रेनकोट, डोक्याला मफलर, काखेत छत्री. छत्री इथल्या वाऱ्यात दोनदा उलटी झाली, तरी ती ते सोडायला तयार नव्हते.

वाचनालयात दर बुधवारी सकाळी म्हातारी मंडळी जमायची. चहा, बिस्किटं, गप्पा. कुणी विणकाम आणायचं, कुणी नातवंडांचे फोटो. त्यांची सगळी व्यवस्था एक निवृत्त नर्सबाई पाहायच्या. त्या मंडळींमधल्या एका उंच, सडपातळ आजोबांनी बाबांना हेरलं. या गृहस्थांची सगळी उमर घोड्यांच्या तबेल्यात गेली होती. आमच्या भागात शर्यतीच्या घोड्यांचे तबेले पावलोपावली आहेत, आपल्याकडे माणसं क्रिकेटवर बोलतात तशी इथे घोड्यांवर बोलतात. त्यांनी पाहिलं, की हा मफलरवाला भारतीय म्हातारा रोज कोपऱ्यात बसून अमेरिकन पक्षांच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक वाचतो. ते वर्ष अमेरिकेतल्या निवडणुकीचं होतं. जो तो तेच बोलत होता.

ते येऊन बाबांशेजारी बसले आणि म्हणाले, "तिकडे अमेरिकेत काय चाललंय, तुम्हाला काही कळतं का हो?"

बाबा म्हणाले, "आत्ताचं नाही कळत. पण एकोणिसाव्या शतकातलं विचारा."

हे मला बाबांनीच घरी येऊन सांगितलं. सांगताना आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा मिश्कील झाक दिसली. आणि मग म्हणाले, "आता ती नर्सबाई म्हणते, येत्या बुधवारी आम्हाले समोर उभं राहून सांगा. मी हो म्हटलं. काहून म्हटलं कोण जाणे!"

दुसऱ्या दिवशी त्यांना धास्ती बसली. "माहं इंग्रजी समजीन का त्याईले?" असं दिवसातून चार वेळा विचारायला लागले. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, वाक्यं लांबलचक, आणि उच्चार पक्के वऱ्हाडी. मी म्हटलं, "बाबा, त्यांचं इंग्रजी मला पहिलं वर्षभर समजत नव्हतं. फिट्टंफाट."

मग सराव सुरू झाला. मला ठाऊक होतं, की दरवर्षी वर्गात अमेरिकन निवडणुकीचा हा विषय घ्यायच्या आधी ते घरात मोठ्यानं म्हणून बघायचे. आई समोर बसून मेथी निवडायची आणि ऐकायची. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायची, माझ्या कानावर नुसते पुकारे यायचे, "अलाबामा! आर्कान्सा! कॅलिफोर्निया!" मला वाटायचं, बाबा भूगोल शिकवतात. इतक्या वर्षांत ते व्याख्यान मी एकदाही नीट ऐकलं नव्हतं.

आता आईच्या जागी माझी मुलगी बसली. बाबा बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर उभे राहून राज्यांची नावं पुकारायचे आणि ती सोफ्यावर उभी राहून त्या त्या राज्यांची मतं जाहीर करायची. बाबा तिला मराठीत सांगायचे, ती इंग्रजीत वाद घालायची.

"आजोबा, दॅट्स नॉट फेअर. व्हॉट इफ ही डझन्ट वाँट टू बी प्रेसिडेंट?"

बाबा एकदम थांबले. मग म्हणाले, "तुही आजी पण हेच विचारे."

एवढंच. पण आईचा उल्लेख त्यांनी आपणहून केला होता. मी भाजी परतत होते, पाठ तशीच ठेवली.

त्या बुधवारी मी एका सहकाऱ्याशी ड्यूटी बदलून घेतली आणि वाचनालयात मागच्या रांगेत जाऊन बसले. वीसेक माणसं असतील. बाबांनी आईनं विणलेला स्वेटर घातला होता आणि केसांना तेल लावून चापून भांग पाडला होता. सुरुवातीला आवाज कापत होता. मग त्यांनी समोरचा कागद उपडा ठेवला आणि त्यांना सूर सापडला.

ते म्हणाले, की आज अमेरिकेत राज्याराज्यांत मतदान होतं आणि पक्षाचा उमेदवार कोण, हे अधिवेशनाच्या आधीच साधारण ठरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. देशभरातून पक्षाचे प्रतिनिधी एका शहरात जमायचे, एका छपराखाली बसायचे आणि तिथेच निवड करायचे. राज्याराज्याचं नाव पुकारलं जायचं, त्या राज्याचा म्होरक्या उठायचा, आमची इतकी मतं याला, इतकी त्याला. निम्म्याहून जास्त मतं कुणाला मिळाली नाहीत, की पुन्हा पहिल्यापासून पुकारा. मग पुन्हा. मधल्या वेळात बाहेर बोळकांडीत, हॉटेलांच्या खोल्यांत मनधरणी चालायची.

"असंच एक अधिवेशन शिकागोला भरलं," बाबा म्हणाले. "रिंगणात मुख्य तिघं. एक, युद्ध जिंकून आलेला सेनापती. तो दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला होता आणि त्याच्या माणसांना तो तिसऱ्यांदा हवा होता. दुसरा, गोड गळ्याचा पुढारी, बोलायला लागला की माणसं तहानभूक विसरत. तिसरा, खजिन्याचा मंत्री. हुशार, पण माणूस थंड."

"थंड मासा," घोडेवाले आजोबा म्हणाले. इंग्रजीत कोरड्या माणसाला असंच म्हणतात. सगळे हसले.

"या मंत्र्याचं नाव सुचवायला त्याच्याच राज्यातला एक दाढीवाला, धिप्पाड गृहस्थ उभा राहिला. त्यानं इतकं सुंदर भाषण केलं, की मंत्री राहिला बाजूला, लोकांच्या मनात भाषण करणाराच बसला."

मग बाबांनी पुकारा सुरू केला. त्यांचा आवाज बघता बघता सगळ्या वाचनालयात घुमायला लागला. पुस्तकं परत करायला आलेली माणसं दारातच थबकली. फेरीमागून फेरी होते आहे, आकडे जागचे हलत नाहीत. सेनापतीची तीनशेच्या वर माणसं खांबासारखी उभी आहेत. गोड गळ्याच्या पुढाऱ्याची माणसंही हटत नाहीत. आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत कुठल्या तरी कोपऱ्यातून एखादंच मत त्या दाढीवाल्याला पडतं आहे. लोक हसतात. पुढची फेरी. दिवस मावळतो, सभा उठते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आणि मग विस्कॉन्सिन राज्याचा पुकारा झाला," बाबा हळू आवाजात म्हणाले. "त्यांनी सोळा मतं एकदम त्या दाढीवाल्याला दिली. सभा स्तब्ध. तो स्वतः ताडकन उठला. म्हणाला, माझी हरकत आहे, मी उमेदवार नाही, माझ्या संमतीशिवाय मला मत द्यायचा कुणाला अधिकार नाही. तो आपल्या मित्रासाठी आला होता ना! पण अध्यक्षांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. खाली बसायला सांगितलं. आणि दोन फेऱ्यांत ती सगळी सभा त्याच्याकडे वळली."

"डार्क हॉर्स," घोडेवाले आजोबा म्हणाले.

"अगदी बरोबर. आमच्या वर्गातल्या मुलांना वाटायचं, काळा घोडा म्हणजे अपशकुनी घोडा. मला दरवर्षी समजावून सांगावं लागे. ज्याच्यावर कुणी पैज लावलेली नसते, असा घोडा."

"इथे नाही समजवावं लागणार," ते म्हणाले. "इथे निम्मे लोक त्याच्यापायी बुडालेत."

मी बाबांकडे बघत होते. वर्गातले बाबा असे असायचे तर. हात पाठीमागे बांधलेले, मधूनच टाचांवर उंच व्हायचे, विनोद झाला की स्वतः हसायचं नाही. चाळिशीला आलेली मुलगी मी, बापाची ही ओळख मला परक्या गावातल्या वाचनालयात होत होती.

समोरच्या एका आजींनी विचारलं, "त्याच्या आईला कळलं तेव्हा काय म्हणाली ती?"

बाबांना प्रश्न आवडला. ते म्हणाले, "काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. पण तो तान्हा होता तेव्हाच बाप गेला होता. आईनंच वाढवलं, लाकडी ओंडक्यांच्या खोपटात. निवडणूक तो जिंकला आणि त्याच्या शपथविधीला ती म्हातारी समोर बसलेली होती."

आजींनी समाधानानं मान हलवली. "मग पुढे?"

बाबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग मागच्या रांगेकडे हात करून म्हणाले, "पुढचं माझी मुलगी सांगेल. ती डॉक्टर आहे."

मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. पण ती गोष्ट मला येत होती, डॉक्टर म्हणून येत होती. मी उभी राहिले. सांगितलं, की पदावर येऊन काही महिने झाले नाहीत तोच एका माथेफिरूनं त्याच्यावर गोळी झाडली. गोळीनं तो त्या दिवशी गेला नाही. डॉक्टर जमले आणि गोळी शोधायला त्यांनी जखमेत बोटं घातली, न धुतलेली. पुन्हा पुन्हा. हात स्वच्छ हवेत, हे तेव्हा इकडे युरोपात सांगितलं जात होतं, तिकडे अमेरिकेत पुष्कळांना ते पटलेलं नव्हतं. जखमेत पू झाला, आणि अडीच महिने सोसून तो गेला.

आजींनी छातीवर क्रूसाची खूण केली. बाबा म्हणाले, "मी ही गोष्ट वर्गात नेहमी शपथविधीपाशी थांबवायचो. माझी पत्नी सांगायची, पोरांना इथवरच सांगा."

मी खाली बसले.

नर्सबाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना भानावर आणलं. त्या पक्क्या व्यवहारी. म्हणाल्या, "हे छान झालं. आता प्रोफेसर आले आहेत तर आपला प्रश्न पण सोडवून टाकू." प्रश्न असा होता, की मंडळींची उन्हाळी सहल कुठे न्यायची यावर तीन बुधवार खडाजंगी चालली होती. अर्ध्यांना मेयोतल्या तीर्थस्थानाला जायचं होतं, अर्ध्यांना वेक्सफर्डच्या समुद्रावर. दोन्ही बाजू ऐकायला तयार नव्हत्या, आणि दोन आजींनी तर एकमेकींशी बोलणं टाकलं होतं.

बाबांना अध्यक्ष केलं. त्यांनी चहाच्या टेबलांना राज्यं ठरवलं. घंटा नव्हती, म्हणून त्यांनी चमचा कपावर वाजवला. घोडेवाले आजोबा तीर्थस्थानाच्या बाजूनं बोलायला उभे राहिले. स्वतःला तिथे जायचं नव्हतं म्हणे, पण एका मित्राला शब्द दिला होता. आणि ते बोलले मात्र सुरेख. लहानपणी आईबरोबर बसमधून तिथे जाताना गुडघ्यावर ठेवलेल्या सँडविचांचा वास कसा यायचा, हे त्यांनी सांगितलं तेव्हा समुद्रवाल्यांच्याही माना डोलल्या.

पहिली फेरी समसमान. दुसरी समसमान. तिसऱ्या फेरीत खिडकीजवळच्या टेबलावरच्या आजी उठल्या. "आमची सगळी मतं," घोडेवाल्या आजोबांकडे बोट रोखून त्या म्हणाल्या, "याच्या घराला. याच्याकडे घोडी व्यालीये. मला शिंगरू बघायचंय."

ते आजोबा ताडकन उठले. चेहरा लालबुंद झाला होता. "छे छे, हे चालणार नाही. मला कुणी विचारलेलंच नाही. माझ्या घरी..."

बाबांनी चमचा वाजवला. "सभासदांनी खाली बसावं!"

हास्याचा असा कल्लोळ झाला, की टेबलावरची बशी पडून फुटली. पुढच्या फेरीत सगळी टेबलं शिंगराकडे वळली. तीर्थवाले फक्त दोघे शेवटपर्यंत हटले नाहीत, आणि बाबांनी त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. त्या सेनापतीच्या हट्टी माणसांनी हरल्यावर आपल्या एकनिष्ठपणाची पदकं पाडून घेतली होती, हे सांगून त्या दोघांना त्यांनी एकेक जादा बिस्किट दिलं.

हसत नव्हते ते फक्त घोडेवाले आजोबा. बाबांच्या ते लक्षात आलं. मंडळी पांगल्यावर ते त्यांच्याजवळ गेले. मी कोट घालत उभी होते.

"तुमची हरकत खरी होती का?" बाबांनी विचारलं. "खरी असेल तर मी निकाल रद्द करतो. मी काही शिकागोचा अध्यक्ष नाही."

त्यांनी टोपी हातात फिरवली. "बायको गेल्यापासून घरी कुणी आलेलं नाही," ते म्हणाले. "घर घरासारखं राहिलेलं नाही."

"माझंही कुलूप लावलेलं आहे," बाबा म्हणाले.

निघताना आजोबा इतकंच म्हणाले, "ग्रँड, ठीक आहे. येऊ द्या सगळ्यांना. पण तुम्ही आदल्या दिवशी या. मला एकट्याला जमणार नाही."

जूनमधल्या एका शनिवारी मी बाबांना आणि मुलीला त्यांच्या घरी घेऊन गेले. कुरणाच्या कडेला एकमजली घर, मागे दोन तबेले. घोडी तपकिरी, तिचं शिंगरू काटकुळ्या पायांचं, आईभोवती उड्या मारणारं. मुलगी कुंपणावर चढली ती उतरेचना. मी घर झाडायला घेतलं.

स्वयंपाकघरात दोन्ही म्हातारे कपाटासमोर उभे होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आजोबांनी त्याचं दार उघडलं. आत बारीक निळ्या फुलांचा चहाचा सेट होता, धुळीनं झाकलेला. "हा तिचा," ते म्हणाले. "पाहुण्यांसाठी ठेवायची. मी मगमधूनच पितो."

बाबांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या, सिंकमध्ये गरम पाणी सोडलं आणि एकेक कप धुवायला लागले. आजोबा पुसत होते. दोघांची पाठ माझ्याकडे होती. आणि मग बाबा आपल्या लांबलचक, पुस्तकी इंग्रजीत आईविषयी बोलायला लागले. ती मेथी निवडताना ऐकायची. त्यांनी सेनापतीचं फार कौतुक केलं की टोकायची. शेवटच्या दिवसांत तिला जेवण जाईना, तेव्हा तिनंच सांगितलं, तुमचं ते शिकागो म्हणा. "मी हॉस्पिटलात तिच्या खाटेपाशी बसून सगळी राज्यं पुकारली," बाबा म्हणाले. "हळू आवाजात. विस्कॉन्सिनच्या आधीच तिला झोप लागली."

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा इथे ड्यूटीवर होते, तिकीट काढत होते, पोचणार होते. मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि जाऊन बाबांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी साबणाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "रडून घे, बाई," ते म्हणाले. "मी पण रडतो." आणि आम्ही दोघं रडलो. आजोबा तिसऱ्यांदा तीच बशी पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी आली. ऊन पडलं होतं, जे इथे कुणी गृहीत धरत नाही. ज्या दोन आजी बोलत नव्हत्या त्या शिंगराचं नाव काय ठेवावं यावरून पुन्हा भांडल्या, म्हणजे बोलू लागल्या. मी पोह्यांचं पातेलं नेलं होतं, बाबांनी ते प्रत्येकाच्या बशीत स्वतः वाढलं. नर्सबाईंनी दोनदा घेतले.

सप्टेंबरअखेर बाबा अकोल्याला परत गेले आणि घराचं कुलूप काढलं. त्यानंतर ते दर उन्हाळ्यात यायचे. आले की पहिल्याच बुधवारी वाचनालयात. २०१९ साली गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना येता आलं नाही. त्या वर्षी रविवारी दुपारी घोडेवाले आजोबाच आमच्याकडे येऊन बसायचे, मी त्यांना व्हिडिओवर फोन लावून द्यायची. बाबांचे कान मंद झालेले, यांचा हेल दाट. निम्मं एकमेकांना कळायचं नाही. तरी तासभर फोन चालायचा. बाबा आपला चहाचा कप कॅमेऱ्यासमोर धरायचे, हे आपला धरायचे, आणि मग दोघं तिकडच्या उन्हाविषयी आणि इकडच्या पावसाविषयी बोलत बसायचे.